गुण तीन, दोष अडतीस

निबंध तपासणं हे बुद्धीचं काम आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी ते एकदा मांडी घालून करून पाहावं. तेवीस निबंध होते. सर्वांत लहान आठ पानांचा, सर्वांत मोठा छप्पन्न पानांचा. तिसऱ्या निबंधाला माझ्या डाव्या पायाला मुंग्या आल्या आणि अकराव्याला वाचनसंस्कृतीवरचा विश्वास उडाला.

हे झेंगट माझ्या गळ्यात पडलं त्याचं कारण माझी कीर्ती. श्रीवर्धनात मी टीकाकार समजला जात होतो. एका मासिकातल्या छपाईच्या अकरा चुका मी संपादकांना पत्राने कळवल्या होत्या आणि त्यांनी पुढच्या अंकात 'श्री. टिपणीस यांचे आभार' अशी दीड ओळ छापली होती. ती दीड ओळ गावात सगळ्यांनी वाचली, कारण ती मी सगळ्यांना दाखवली. बाकी मी मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. सतरा वर्षं पत्रकं भरतो आहे आणि आजवर एकाही पत्रकाची बेरीज चुकलेली नाही. हे मी फुशारकीने सांगत नाही, पुढे लागणार आहे म्हणून सांगतो.

अठ्ठावन्न साली आमच्या आळीतल्या वाचनालयाला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. सेक्रेटरी हरेश्वरभाऊ, ज्यांचं बाजारात वह्यांचं आणि घासलेटचं दुकान आहे, ते एका रविवारी सकाळी गोणपाटात बांधलेलं एक गाठोडं घेऊन माझ्या ओटीवर आले.

"टिपणीस, निबंधस्पर्धा ठेवलीय. एक सामाजिक विषय, हुंडा. एक वाङ्मयीन, कादंबरी आणि समाज. तपासायचे तुम्ही. गावात साहित्यातलं कळणारे तुम्ही एकटेच."

'तालुक्यात' म्हणायला हरकत नव्हती, पण मी ते तोंडाने बोललो नाही, फक्त चेहऱ्यावर आणलं.

"नुसते गुण देऊन टाकू का?" मी विचारलं.

"छे! नुसते गुण शाळेतले मास्तर देतात. तुम्ही गुणदोष द्या. कार्यक्रमाला अलिबागहून स्कूल बोर्डाचे चेअरमन येणार आहेत. पहिला येणारा सातवीची फायनल पास असेल तर मास्तरकीच्या ट्रेनिंगच्या जागेसाठी ते जागच्या जागी शिफारसपत्र देणार. तेव्हा काम पक्कं पाहिजे, आणि निकाल पाकिटात लाख लावून बंद पाहिजे."

लाख म्हटल्यावर मला स्फुरण चढलं. सरकारी माणसाला लाखेचा वास आला की काम महत्त्वाचं वाटू लागतं. माझी पत्नी केसर हिने गाठोडं सोडलं तर निबंधांना घासलेटचा वास येत होता. "भाषा ज्वलंत दिसतेय," ती म्हणाली. केसरला साहित्यातलं काही कळत नाही, म्हणून तिच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही.

शेजारचे बाळाजीपंत लगेच कुंपणाशी आले. तीस वर्षं पोस्टमास्तर होते, निवृत्त झाल्यापासून सल्ला देतात. "वजन करा," ते म्हणाले. "काटा आणू का? जड पाकिटाला तिकीट जास्त. ज्याने जास्त लिहिलं त्याने जास्त कष्ट केले." मी म्हटलं, साहित्याचं मोल वजनावर ठरत नाही. त्यावर त्यांनी मला मोठ्या शांतपणे विचारलं, मग कशावर ठरतं? मी म्हटलं, ते एका वाक्यात सांगता येणार नाही. ते म्हणाले, दोन वाक्यांत सांगा. मला आंघोळीला उशीर होत होता म्हणून मी आत गेलो.

वाचायला बसलो. पहिला निबंध उघडला: 'साहित्य हा समाजाचा आरसा आहे.' वा. दुसरा उघडला: 'साहित्य हा समाजाचा आरसा होय.' चौथ्यात 'आरसा' ऐवजी 'दर्पण' होतं, त्याला मी मनात शाबासकी दिली. तेविसांपैकी नऊ जणांनी आरसे लावले होते. एवढे आरसे आमच्या बाजारातल्या केशकर्तनालयातही नाहीत. हुंड्याच्या निबंधांत आरसे नव्हते, तिथे कीड होती. कोणी समाजाला कीड लागली म्हणत होतं, कोणी वाळवी, एकाने तर चक्क नारळावरचा भुंगा आणला आणि पुढची तीन पानं त्या भुंग्यावर कोणतं औषध मारावं याचीच माहिती दिली. तो निबंध उपयुक्त होता, हे मान्य केलं पाहिजे. मी त्याला एक गुण लावला: 'उपयुक्त.'

पद्धत अशी ठरवली. प्रत्येक निबंधाला एक स्वतंत्र कागद. डावीकडे त्याचे गुण क्रमाने मांडायचे, उजवीकडे दोष क्रमाने मांडायचे. हे सगळे कागद चेअरमनसाहेब कुठे वाचत बसणार, म्हणून सर्वांवर एक गोषवारा: कोणत्या निबंधात गुण किती सापडले, दोष किती सापडले. कचेरीत गोषवाऱ्याशिवाय कागद वर जात नाही, आणि माझ्या हातून तर अजिबात नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिनानाथशेठ आले. हे वाचनालयाचे अध्यक्ष, सुपारीचे व्यापारी आणि ज्या चाळीत मी राहतो तिचे मालक.

"आमच्या चांगदेवाचा पण निबंध आहे म्हणे त्यात," ते म्हणाले. चांगदेव म्हणजे पुतण्या. "मी काय त्याबद्दल बोलायला आलो नाही हां. नावं गुप्त आहेत, मला नियम माहीत आहेत. मी आलो तुमच्या पडवीच्या कौलांबद्दल. गळतात ना? करू, करू. जानेवारीत करून टाकू." आणि उठता उठता, "पाच नंबरचा आहे त्याचा."

पाच नंबर मी वाचला होता. त्यात पाचव्या पानावर 'मागील प्रकरणात आपण पाहिलेच आहे की' असं वाक्य होतं, आणि शेवटी 'पृष्ठ बेचाळीसवरील तक्ता पाहा' असं होतं. निबंधाला एकूण अकरा पानं. पुतण्याने कुठल्यातरी मार्गदर्शकातून उतरवताना तक्ता सोडला होता, पण तक्ता पाहण्याची सूचना प्रामाणिकपणे उतरवली होती. मी बराच वेळ दोषाच्या बाजूवर टाक धरून बसलो. मग डोळ्यांसमोर पडवी आली. मी गुणांच्या बाजूला नऊ गुण लिहिले: भाषा प्रौढ, मांडणी ग्रांथिक, वाचनाचा व्यासंग वगैरे. वगैरे आठवा होता. नववा 'अक्षर'. दोषांच्या बाजूला काहीच लिहिलं नाही.

आणि मग चौदावा नंबर.

तो वहीच्या दुरेघी कागदांवर होता आणि एका पानाला वाळलेला खवला चिकटला होता. विषय हुंडा. नाव नव्हतं, पण दुसऱ्याच ओळीत 'माझी आई मासळी विकते' असं होतं, आणि फायनल पास झालेली मुलगी असलेली मासळीवाली आमच्याकडे एकच, नीराबाई. रोज सकाळी आमच्या ओटीवर टोपली टेकते. म्हणजे लिहिणारी तिची मैना. मी कौतुकाने वाचायला घेतलं. त्यातला उतारा जसाच्या तसा देतो, कारण त्याशिवाय माझी बाजू समजणार नाही.

'आमच्यात मुलीचं लग्न ठरलं की मुलाकडचे देज देतात. शिकलेल्या लोकांत मुलीकडचे हुंडा देतात. म्हणजे आमच्यात मुलगी नेणारा पैसे देतो, आणि शिकलेला माणूस मुलगी नेतो आणि नेल्याबद्दल पैसेही घेतो. माल नेऊन पैसे मागणारं गिऱ्हाईक माझ्या आईला अजून भेटलेलं नाही, पण त्याच्या जवळपास येणारं एक आहे. ते कारकून आहेत. ते सभेत म्हणतात की स्त्री ही देवता आहे, आणि सकाळी आईला म्हणतात, ए बाय, वर दोन बोंबील टाक. त्यांच्या ओटीवर सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ आहे. ते बंद पडलं आहे, पण परत केलेलं नाही. शिकलेल्या लोकांना कुठल्याही वाट्यावर वर काहीतरी लागतंच. म्हणूनच त्यांच्यात नवऱ्याला वर म्हणतात.'

मी मान वर केली. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्या घड्याळात एकोणपन्नास सालापासून तेवढेच वाजलेले आहेत.

केसरने माझ्या हातून कागद घेतला, वाचला, आणि ती पदर तोंडाला लावून जी आत पळाली ती स्वयंपाकघरातून तिचं हसणं पावणेदोन तास येत होतं. मध्ये एकदा बाहेर येऊन म्हणाली, "गुणांत लिहा, वाचताना हसू येतं." मी विचारलं, कोणाला? ती म्हणाली, "परीक्षकाला सोडून सगळ्यांना."

मी न्यायी माणूस आहे. गुणांच्या बाजूला मी तीन गुण लिहिले: एक, अक्षर वळणदार. दोन, विषयाला धरून. तीन, वाचताना हसू येते. तिसरा लिहिताना टाकाची निब वाकली. मग मी दोषांकडे वळलो, आणि सांगायला हरकत नाही, त्या दुपारी माझ्या लेखणीला विलक्षण धार आली. ऱ्हस्व-दीर्घ. संदर्भग्रंथांचा अभाव. 'कारकून' हा शब्द नऊ वेळा. वडीलधाऱ्यांविषयी अनादर. मासळीचा उल्लेख वाङ्मयात अप्रस्तुत. कागदावर खवला. सासऱ्यांनी प्रेमाने दिलेल्या वस्तूची निष्कारण चर्चा. 'वर' या शब्दाच्या व्युत्पत्तीस शास्त्रीय आधार नाही. अडतीस दोष भरले. कागद संपला म्हणून अडतीस.

दुसऱ्या दिवशी नीराबाई टोपली टेकून बसली आणि बोंबील मोजता मोजता म्हणाली, "सायेब, आमच्या पोरीनं कायतरी लिवलंय तुमच्याकडं. माझा घो तिकडं भरडखोलात सोयरीक बोलून आलाय. मी त्याला म्हटलं, पोरीचा नंबर आला तर ती शिकल, मास्तरीन होयल. न्हाय आला तर वैशाखात उजवून टाक. आता तुमच्या हातात हाय."

मी म्हटलं, साहित्यात व्यक्तीला स्थान नसतं, फक्त गुणदोषांना असतं. तिला ते पटलं असावं. कारण ती म्हणाली, "व्हय व्हय," आणि मी न मागताच वर दोन बोंबील टाकले. मी ते घेतले. परत केले असते तर तिला वाईट वाटलं असतं.

गोषवारा तयार केला. रकाने पाडले: अनुक्रमांक, गुण, दोष. आणि इथे सतरा वर्षांची सवय आडवी आली. रकान्यांत आकडे आहेत आणि उजव्या टोकाला 'एकूण' नाही, असं पत्रक माझ्या हातून होऊच शकत नाही. हात आपोआप चालला. पाचवा: गुण नऊ, दोष शून्य, एकूण नऊ. चौदावा: गुण तीन, दोष अडतीस, एकूण एकेचाळीस. बेरीज दोनदा ताळून पाहिली. बरोबर होती.

शेवटचा रकाना शेऱ्याचा. पहिला कोण, हे तिथे लिहायचं. पण लेखी मत दिलं की ते अंगाशी येतं, हे कचेरीत पहिल्या वर्षी शिकलो आहे. मी तेवीसच्या तेवीस निबंधांपुढे लिहिलं, 'वरिष्ठांच्या निर्णयार्थ सादर.' आकडे बोलके होते. नऊ गुण आणि दोष एकही नाही, तो पहिला, हे कोणालाही कळलं असतं. पाकीट बंद केलं, लाख लावली आणि निश्चिंत झालो.

समारंभाला वाचनालयाच्या अंगणात मांडव घातला होता. दुपारी चारला चेअरमनसाहेब आले. खुर्च्या तीनच होत्या, त्यांतली एक मला मिळाली. समोर चांगदेव नव्या कोटात बसला होता आणि त्याच्या मागे बायकांत नीराबाई, मैना आणि आमची केसर एकाच सतरंजीवर होत्या. ते मला आवडलं नाही.

हरेश्वरभाऊंनी लाख फोडली. गोषवारा उघडला. बोट थेट उजव्या टोकाच्या रकान्यावर ठेवून वरून खाली नेलं, स्वतःजवळच्या नावांच्या यादीत क्रमांक पाहिला आणि घोषणा केली, "सर्वांत जास्त एकूण गुण, एकेचाळीस! निबंध क्रमांक चौदा! कुमारी मैना!"

टाळ्या झाल्या. गुणदोषांची बेरीज गुण म्हणून वाचली गेली होती. ज्याच्या निबंधात मी जितके दोष काढले तितका तो वर चढला होता, आणि ज्याला मी लोणी लावलं तो चांगदेव तेविसावा आला होता.

दिनानाथशेठ उभे राहिले. "नऊ? आमच्या चांगदेवाला नऊ? आणि कोळणीच्या पोरीला एकेचाळीस? चेअरमनसाहेब, माझा आक्षेप आहे. या टिपणीसांची बेरीज चुकलीय!"

समोर मैना दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसली होती. मी एवढंच म्हणायचं होतं की साहेब, हा रकाना चुकून पडला, पहिला पाच नंबर. पडवीची कौलं झाली असती, भरडखोलचं लग्न झालं असतं. मी ते म्हणणारच होतो. खरं सांगतो, तोंड उघडलंही होतं. पण शेठ जे वाक्य बोलले ते दुसरं कुठलंही असतं तर चाललं असतं. माझी बेरीज! चेअरमनांच्या देखत!

मी उठलो. "बेरीज बरोबर आहे," मी म्हटलं. "तीन आणि अडतीस एकेचाळीसच होतात. कोणीही करून पाहावी."

"म्हणजे दोषांचेही मार्क दिलेत तुम्ही?" चेअरमनसाहेबांनी चष्मा वर केला.

"दिलेच पाहिजेत," मी म्हटलं, आणि पुढे काय बोलणार आहे हे मला स्वतःलाच ऐकल्यावर कळत गेलं. "दोष काढायला आधी माणसाने स्वतः काहीतरी लिहिलेलं असावं लागतं. ज्या निबंधात एकही दोष नाही तो निबंध लिहिणाऱ्याचा नसतो, छापणाऱ्याचा असतो. आता हा पाचवा पाहा. पान पाचवं, 'मागील प्रकरणात आपण पाहिलेच आहे.' साहेब, निबंधाला प्रकरण कुठून आलं? शेवटी, 'पृष्ठ बेचाळीसवरील तक्ता पाहा.' पानं अकरा आहेत. उलट चौदाव्यात अडतीस दोष आहेत आणि अडतीसच्या अडतीस तिचे स्वतःचे आहेत. एकही उसना नाही!"

चांगदेवाने मान खाली घातली. शेठ मटकन बसले. माझी पडवी बसली ती त्याच क्षणी. मी त्या मुलीसाठी लढलो असं नंतर गावात पुष्कळ जण म्हणाले. मी ते नाकारलं नाही, पण तुम्हाला खरं सांगायला काय जातं, मी माझ्या एकूणसाठी लढलो. योग्य बक्षीस योग्य माणसाला गेलेलं या तालुक्यात मी एकदाच पाहिलं आणि तेही एका जादा रकान्यामुळे.

"विचार नवा आहे," चेअरमनसाहेब म्हणाले. "हल्ली पुण्यात असंच काहीतरी चाललंय. बाळ, वाच तुझा निबंध."

इथे मला उमगलं की मी काय जिंकून बसलो होतो. पहिला आलेला निबंध सभेत मोठ्याने वाचायचा असतो. मैना उभी राहिली. आवाज खणखणीत, होडीतून किनाऱ्यावर हाक मारणाऱ्या घरातला. 'ते कारकून आहेत' या वाक्याला दोन-चार माना वळल्या. 'वर दोन बोंबील'ला अर्धा मांडव माझ्याकडे बघत होता. घड्याळापर्यंत आली तेव्हा बाळाजीपंतांनी शेजाऱ्याच्या नात्याने उभं राहून सर्वांना खात्रीपूर्वक सांगितलं, "दहा वाजून दहा मिनिटं! मी रोज बघतो!" 'वर म्हणतात'ला जो हशा उठला त्यात केसरचा आवाज मला वेगळा ओळखू आला. मी परीक्षक म्हणून खुर्चीवर बसलो होतो, त्यामुळे मलाही हसावं लागलं. त्या हसण्याने माझे गाल दुसऱ्या दिवसापर्यंत दुखत होते.

पण एक कबूल करतो. त्या निबंधासारखं वाक्य बाकीच्या बावीस निबंधांत एकही नव्हतं. ते मला पहिल्या वाचनातच कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच अडतीस दोष सापडले.

कार्यक्रम संपला. चेअरमनसाहेब माझ्याकडे वळले. "टिपणीस, तुमचं अक्षर चांगलं आहे. शिफारसपत्र तुम्हीच लिहा, मी सही करतो." हरेश्वरभाऊंनी कागद दिला. साहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो: 'कुमारी मैना ही मुलगी हुशार, कष्टाळू व नम्र असून, तिला ट्रेनिंगसाठी जागा मिळावी.' असल्या पत्रांत हे तीन शब्द असतातच. मी टिपकागद लावला.

"बघू?" मैना म्हणाली. पत्र हातात घेऊन तिने ते सावकाश वाचलं. नीराबाई मागून म्हणाली, "अगो, सायबांनी लिवलंय, बघतेस काय? पाया पड." पण मैनाने माझ्या हातातला टाक घेतला, दौतीत बुडवला आणि 'व नम्र' या अक्षरांवरून एक सरळ रेघ ओढली.

"मी नम्र न्हाय, साहेब," ती मला म्हणाली. "तुम्ही तर निबंध वाचलाव. मग खोटं कशाला लिहायचं?"

चेअरमनसाहेब आधी चकित झाले आणि मग गडगडून हसले. "टिपणीस, सरकारी कागदावर खोडाखोड झाली तर नियम काय?"

नियम मला पाठ होता. खोडलेला शब्द समासात लिहायचा, खोडणे बरोबर की चूक ते लिहायचं, आणि लिहिणाऱ्याने खाली सही करायची. सतरा वर्षांत प्रथमच माझं मत लेखी द्यायची वेळ आली होती आणि वर सादर करायला वरिष्ठ समोरच उभे राहून हसत होते.

मी समासात लिहिलं, "'व नम्र' हे शब्द खोडले आहेत. खोडणे बरोबर." आणि खाली माझी पूर्ण सही केली.